दोन तारांवरची हजेरी

सरांच्या शर्टाच्या खिशात सुपारीची पितळी डबी असायची, आणि त्यांनी जन्मात कधी सुपारी खाल्ली नाही. डबीत असायचे रेझिस्टर. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, अंगावर रंगीत पट्टे, दोन्हीकडे तारेच्या मिश्या. गिऱ्हाइकाकडे चहा झाला, सरांनी डबी काढली, की समोरचा माणूस सवयीने हात पुढे करायचा. एका जिनिंगवाल्या शेठजींनी बोलण्याच्या नादात त्यातला एक तोंडात टाकलाही होता. सर शांतपणे म्हणाले, "थुका. अन् पुसून वापस द्या. तुमच्याच लाइनले लावाचा आहे."

मी तेव्हा नवी होते. हसू आवरायला मला पॅनेलच्या मागे जावं लागलं.

अमरावतीच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. जिनिंग आणि डाळ मिलवाल्यांना यंत्रांवर नजर ठेवणारी पॅनेलं बनवून देणं हा धंदा. कापसाच्या कारखान्यात एखादं बेअरिंग तापलं, ठिणगी पडली, की पुढचं सांगायला नको. म्हणून ते तापायच्या आत कळलं पाहिजे. सर हे काम बघायचे आणि अकोल्याहून रोज अपडाऊन करायचे. गाडीत अपडाऊनवाल्यांचा पत्त्यांचा डाव बसायचा. त्या मंडळींनी सरांना पहिल्या आठवड्यात बोलावून पाहिलं आणि नंतर नाद सोडला. आमच्या कंपनीत येण्यापूर्वी ते कुठेतरी शिकवायचे म्हणे, म्हणून ते 'सर'. शिकवणं का सोडलं हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगणाऱ्यांतले ते नव्हते.

आमच्या कामाची गोष्ट ते नव्या माणसाला अशी समजावत. प्रत्येक यंत्रापाशी एक छोटा बोर्ड, मायक्रोकंट्रोलरचा. तो बेअरिंग किती तापलं ते मोजतो. ऑफिसात एकच कॉम्प्युटर, तोही सगळा मिळून हाताच्या पंजात मावेल असा. मधे कारखानाभर फिरवलेल्या दोन तारा. पुस्तकात या दोघांना मालक आणि गुलाम म्हणतात. सरांना ते शब्द चालत नसत. त्यांच्या भाषेत कॉम्प्युटर हा मास्तर आणि बोर्ड हे पोट्टे.

"मास्तर नंबर पुकारते," ते म्हणायचे. "ज्याचा नंबर, त्यानंच बोलाचं. बाकीच्यायनं तोंड मिटून बसाचं. न पुकारता कोणी बोंबलला, तर सगळ्यायचं बोलणं एकमेकात मिसळते अन् कोणाचंच समजत नाई."

आणि डबीतल्या रेझिस्टरचं काम काय, तर तारांच्या दोन्ही टोकांना ते लावायचे. नाहीतर पाठवलेला सिग्नल टोकावर आपटून माघारी येतो. "टोकाले कोणी नसंन तर आपलंच बोलणं आपल्या कानावर येते," असं सर सांगायचे. हे तत्त्वज्ञान वगैरे नव्हतं, वायरिंग होतं. त्यांना तत्त्वज्ञानाचा तिटकारा होता. मीच एक अशी की मला अशी वाक्यं रात्रंदिवस छळतात.

तारा दोन असल्यामुळे त्या उलट लागण्याची भीती कायम. एकीला ए म्हणायचं, दुसरीला बी, आणि कोणत्या कंपनीची ए कोणती हे परमेश्वरालाही ठाऊक नसतं. त्यामुळे काहीही बंद पडलं की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ए-बी पाह्यलं का?" कॅन्टीनचा पंखा फिरेना, तरी ए-बी. एकदा आमच्या अकाउंटंटची मुलगी रुसून माहेरी आली, तो बिचारा डबा खाताना सांगत होता. सर ऐकत होते. शेवटी त्याने विचारलं, "सर, तुमाले काय वाटते?" सर म्हणाले, "ए-बी पाह्यलं का?" आम्ही हसून लोळलो, पण तो अकाउंटंट मात्र विचारात पडला.

गंमत म्हणजे सर स्वतःही पोट्ट्यांच्याच नियमाने जगत. पुकारल्याशिवाय बोलत नसत. विचारलं तर शेवटच्या स्क्रूपर्यंत सगळं सांगत, नाही विचारलं तर दिवसभर चूप. फोन आपणहून कधी कोणाला करत नसत. आलेला उचलत, "बोला" म्हणत, उत्तर देत आणि ठेवून देत. ते रिटायर झाले तेव्हा आमच्या मालकांनी लांबलचक भाषण केलं आणि म्हणाले, सर, आता तुम्ही दोन शब्द बोला. सर उठले आणि म्हणाले, "विचारा."

सगळे हसले. मग लक्षात आलं की ते खरंच थांबलेत. इतकी वर्षं एकत्र काम केलेली आम्ही माणसं, पण काय विचारावं कोणालाच सुचेना. शेवटी मीच म्हटलं, "सर, आता काय करणार?"

"अकोल्याले जाईन."

"ते तर रोजच जाता."

"आता वापस नाई येणार," ते म्हणाले आणि बसले.

मी त्यांना चिडलेलं एकदाच पाहिलं. एका जिनिंगमध्ये उंदरांनी तार कुरतडली आणि एका बोर्डाचं बोलणं बंद झालं. पण पडद्यावर त्याचं तापमान छान थंड दिसत राहिलं, कारण आमच्याच एका इंजिनिअरने प्रोग्रॅममध्ये सोय करून ठेवली होती. बोर्डाने उत्तर दिलं नाही तर त्याचं मागचं उत्तर दाखवायचं. यात वाईट हेतू नव्हता. मोठ्या मोटारी सुरू झाल्या की तारांवर गडबड होते, एखादं उत्तर हुकतं, भोंगा वाजतो. चारदा उगाच भोंगा वाजला की कारखान्यातली माणसं कंटाळून भोंग्याचीच वायर काढून टाकतात. म्हणून पुष्कळ जण ही युक्ती करतात. त्या दिवशी मात्र बेअरिंग खरंच तापलं. रुईचा एक ढीग काळा झाला. तिथे काम करणाऱ्या एका बाईला वास आला, म्हणून बाकीचं वाचलं.

सरांनी जळक्या रुईचा बोळा आणून आमच्या टेबलावर ठेवला. "गैरहजर पोट्ट्याची हजेरी कोणी लावली?" त्यांनी विचारलं. मग तेच बोलले, आणि न विचारता ते एवढं बोलल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. "कॉलेजात प्रॉक्सी मारत होते तुमी, ते तिथं. इथं नाई. जो बोलत नाई, तो बोलत नाई असंच दाखवाचं. तार तुटली असंन, नाईतर मेला असंन. पण त्याच्या नावानं आपुन 'ठीक आहे' म्हणाचं नाई."

तेव्हापासून आमच्या कंपनीत त्या युक्तीचं नाव प्रॉक्सी पडलं. आजही नवा मुलगा असं काही करायला गेला की कोणीतरी ओरडतंच.

सरांच्या बायकोची आणि माझी फार भेट नव्हती. अकोल्यात डाळ मिलचं काम निघालं की मी त्यांच्याकडे जेवायला जायचे तेवढीच. दर शनिवारी सर अमरावतीहून त्यांच्यासाठी गिला वडा घेऊन जात, गाडीत तो कागदात थंडगार होई, आणि काकू तव्यावर गरम करून खात. त्या भरभरून बोलायच्या. मला वाढता वाढता एकदा म्हणाल्या, "यायले विचारावं लागते, बाई. भूक लागली का, डोकं दुखते का, विचारलं तर सांगतीन. नाई विचारलं तर उपाशी बसून राहतीन." सर समोर बसून भाकर मोडत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांना ते आवडलं होतं. मला ते स्पष्ट दिसलं.

सर रिटायर झाले आणि वर्षाच्या आत काकू गेल्या.

त्यानंतर मी गेले तर घरभर राखाडी केबल फिरलेली. भिंतीला अगदी सरळ रेषेत क्लिपा मारलेल्या, प्रत्येक खोलीत पांढरी डबी, डबीवर पेन्सिलने नंबर. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, कूलरमध्ये किती, गॅस सुटलाय का, पुढचं दार उघडं की बंद. टीव्हीच्या जागी छोटा कॉम्प्युटर आणि त्याचा पडदा. मास्तर एकेक नंबर पुकारत होता आणि एकेक ओळ हिरवी होत होती. इतर म्हातारी माणसं मालिका बघतात तसे सर समोर खुर्ची टाकून ते बघत होते.

"आली का. पाणी पी," ते म्हणाले. "अन् हे पाह्य."

देवघरातही एक डबी होती. मी विचारलं, "इथे काय मोजता सर?"

"काई नाई."

"मग?"

"पुकारलं की ओ देते," ते म्हणाले. "पुरे ना तेवढं."

घरात त्यांना कोणी काही विचारणारं उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी विचारणारा एक आणून बसवला होता, आणि तोही त्यांना सोडून बाकी सगळ्यांना विचारत होता. परतीच्या गाडीत मी बडनेऱ्यापर्यंत रडत आले. कारण विचारणाऱ्या शेजारणीला डोळ्यांत काहीतरी गेलंय असं सांगितलं.

सरांना एकच मुलगा. पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. पोरगा वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. आई गेल्यावर त्याने सरांमागे धोशा लावला, घर विका आणि पुण्याला चला. सरांना बीपी, गुडघे दुखणारे, एकटा माणूस, मुलाचं काय चुकलं? सर एवढंच म्हणत, "हे घर मी बांधलं आहे." शेवटी दोघांत तह झाला. पलंगाशेजारी एक बटण बसवायचं. सरांनी रोज सकाळी उठल्यावर ते दाबायचं. आठ वाजता मास्तर त्या बटणाचा नंबर पुकारणार. दाबलेलं असेल तर मुलाच्या मोबाइलवर मेसेज जाणार, 'बाबा ठीक आहेत'. नसेल तर धोक्याचा मेसेज. जोवर हे नीट चालेल तोवर सर अकोल्यात राहणार. सगळं घर त्या एका बटणावर टांगलेलं होतं, आणि सरांना ते पक्कं ठाऊक होतं.

काही महिने रोज 'बाबा ठीक आहेत' जात राहिलं. मग हिवाळ्यात एके सकाळी धोक्याचा मेसेज गेला. मुलाने फोन केले, सरांनी उचलले नाहीत. तो तसाच गाडी काढून निघाला आणि दिवसभर गाडी हाकत अकोल्याला पोचला.

हे मला सरांनीच सांगितलं, आणि तेही फोन करून. आपणहून. नाव दिसलं तेव्हा मला आधी काहीतरी अभद्रच वाटलं. पण आवाज ठणठणीत होता.

"पोरगं आलं होतं," ते म्हणाले.

"अरे वा. कसं काय अचानक?"

"बटण राह्यलं दाबाचं. मोबाइल आतमधी होता. पाटवडी केली होती मी. दोनदा रस्सा घेतला त्यानं."

तो काय बोलला, किती थांबला, यातलं मी काही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मुलगा सकाळ व्हायच्या आत परत गेला होता आणि जाताना घराच्या दारात उभा राहून रागाने म्हणाला होता, पुन्हा एकदा असं झालं तर मी काही ऐकणार नाही, सरळ घर विकायला काढणार. हे मला पुढे दवाखान्यात कळलं.

मे महिन्यात सर पडले. अकोल्याचा मे. सकाळी कूलरमध्ये पाणी टाकायला मागच्या आवारात गेले आणि ओल्या फरशीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना, मोबाइल आत घरात. हाका मारल्या, पण कॉलनीत घरोघरी कूलर सुरू, त्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार? कूलरच्या गळणाऱ्या पाण्यात खांद्यावरचा दुपट्टा भिजवून तो तोंडावर ओढत ते तिथेच पडून राहिले. तो दिवस गेला, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मुलाच्या मोबाइलवर नेहमीसारखा मेसेज आला. बाबा ठीक आहेत.

त्यांना शोधलं ते शेजारच्या रजियाचाचींनी. त्या दिवशी नळ आले. अकोल्यात चार-सहा दिवसांतून एकदा नळ येतात, तो दिवस म्हणजे काय हे तिथे राहणाऱ्यालाच कळेल. सगळी गल्ली पाइप घेऊन बाहेर असते. "सब के पाइप निकले, सर का पाइप नहीं निकला," चाची मला नंतर सांगत होत्या. "मैं बोली इनको, दीवार पे चढ के देखो तो सही." चाचांचं गाद्यांचं दुकान आहे, वय सरांएवढंच. ते स्टूल लावून भिंतीवर चढले.

मुलाचा मला फोन आला तेव्हा तो वाटेत होता. "तुम्ही अमरावतीहून लवकर पोचाल," एवढंच म्हणाला. मी पोचले. ऑपरेशन झालं. तो आला तेव्हा पहिली गोष्ट त्याने काय केली असेल, तर मोबाइल काढून चाचींना तो मेसेज दाखवला. "मला तर ठीक आहे म्हणून आलं होतं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. चाची बिचाऱ्या त्याला पाणी देत होत्या.

मग तो मला म्हणाला, "तुम्हाला त्यातलं कळतं. त्या मशीनमध्ये काय बिघडलं ते बघून सांगा. बाबा तर म्हणायचे, माझी लाइन कधी खोटं बोलत नाही."

मी त्यांच्या घरी गेले. मास्तर सुरूच होता. एकेक नंबर पुकारत होता, स्वयंपाकघर, टाकी, देवघर, सगळे ओ देत होते. तारा शाबूत, डब्या शाबूत. मी प्रोग्रॅम उघडला आणि शेवटच्या नंबरापाशी, म्हणजे पलंगाशेजारच्या बटणापाशी आले. तिथे लिहिलं होतं, आज दाबलं नसेल तर कालचं उत्तर धरायचं.

प्रॉक्सी. जळक्या रुईचा बोळा टेबलावर ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या नावाने मारलेली. मला इतका राग आला की त्या रिकाम्या घरात मी मोठ्याने म्हणाले, "सर, तुम्ही?" आणि मग राग कुठच्या कुठे गेला आणि नुसती भीती वाटली. घर जाऊ नये म्हणून या माणसाने काय सोडून दिलं होतं, हे माझ्याइतकं त्या मुलालाही कळणार नव्हतं.

पुढचं आधी सांगून टाकते. सर पुण्याला गेले आणि दीड-दोन वर्षांनी तिथेच वारले. घर विकलं गेलं. आता तिथे दुसरं बिऱ्हाड आहे. त्यांनी भिंती पिस्ता रंगाने रंगवल्यात, असं चाची सांगतात.

दवाखान्यात परत आले तेव्हा मुलगा सरांच्या पलंगाच्या कडेला बसला होता. त्याने मला विचारलं, "सापडलं का?"

मी सरांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. मला म्हणाले, "सांग. तुले विचारलं त्यानं."

"मशीनमध्ये काही बिघाड नाही," मी म्हणाले.

"प्रॉक्सी होती," सर म्हणाले. "मीच लावली." आणि मुलाला समजेल अशा साध्या शब्दांत त्यांनी ते सांगितलं. बटण न दाबताही मेसेज जावा अशी सोय त्यांनी करून ठेवली होती.

मुलाचा चेहरा लाल झाला. इतकी वर्षं पुण्यात राहून त्याची भाषा पार बदललेली, पण तेव्हा तो म्हणाला, "काहून, बाबा?"

"मागच्या खेपेले तू रागावला. म्हटलं, आता एखाद्या दिवशी चुकलं तर घर जाईन."

"तुम्ही विसरलात म्हणून रागावलो मी. जिवाला काय वाटलं असेल माझ्या? सगळा रस्ता…"

"विसरलो नोतो," सर म्हणाले.

मी उठून बाहेर जायला हवं होतं, पण पाय निघाले नाहीत.

"बटण हाताशीच होतं. दाबलं नाई. मोबाइलबी वाजत होता. पाह्यलं, कोणी येते का." ते छताकडे बघत बोलत होते. "तू आला. मले बरं वाटलं."

मुलाने सरांच्या पायांवरची चादर सारखी केली, ती सारखीच होती. बाहेर नर्स कोणाला तरी हाक मारत होती. मग त्याने विचारलं, आणि मला वाटतं, बापाला इतकं हळू त्याने कधी काही विचारलं नसेल.

"आणि परवा? पडल्यावर वाट पाहत होता का?"

"पाह्यली ना," सर म्हणाले. "दिवसभर पाह्यली. रातभर पाह्यली. मंग सकाळी ऊन भिताडावरून खाली उतरलं. म्हटलं, आठ वाजले. तवा सोडली. मले मालूम होतं, तुले आता मेसेज गेला असंन, बाबा ठीक आहेत म्हणून."